आतड्याचा कर्करोग यकृतात जातो तेव्हा: एक्झोसोममधले मायक्रोआरएनए किती जबाबदार?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी महाराष्ट्रात बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते आहे, प्रबंधही लिहायचा आहे. वडिलांचं सिग्मॉइड कोलनच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या गुदाशयाआधीच्या भागाच्या, कर्करोगाचं ऑपरेशन झालं, तिसरी स्टेज होती, केमो पूर्ण झाली. तिच्या वाचनात आलं की कर्करोगाच्या पेशी एक्झोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्यांतून मायक्रोआरएनए पाठवतात आणि यकृत आधीच ‘तयार’ करून ठेवतात. हे कितपत खरं? आणि कुणीतरी सुचवलेली ‘एक्झोसोम मायक्रोआरएनए पॅनेल’ ही महागडी रक्ततपासणी करून घ्यावी का?

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. यकृताची अशी पूर्वतयारी होते, हे मला पटलेलं आहे. ती अमुक एका मायक्रोआरएनएमुळेच होते, हे जितक्या ठामपणे छापलं जातं तितकं पटलेलं नाही. तपासणी मात्र करू नका. मी आण्विक निदानाच्या प्रयोगशाळेत काम करतो, रक्तातून आरएनए काढणं हे माझं रोजचं काम आहे. तेव्हा शेवटचं मत त्या अनुभवातून आलंय असं समजा.

पार्श्वभूमी पटकन उरकतो. पेशीच्या आत एंडोसोम नावाचे कप्पे असतात. त्यांच्या भिंतीला आतल्या बाजूने फुगे येतात, ते सुटे होतात, आणि कप्पा पेशीच्या बाहेरच्या आवरणाला जाऊन मिळाला की हे फुगे बाहेर पडतात. तेच एक्झोसोम, आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. १९८३ साली मेंढीच्या अपरिपक्व लाल पेशींमध्ये ते दिसले, तेव्हा पेशी नको असलेली प्रथिनं बाहेर टाकते एवढाच त्याचा अर्थ लावला गेला. २००७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटाने दाखवलं की या पिशव्यांत आरएनए असतो आणि तो दुसऱ्या पेशीत पोहोचू शकतो. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. जुळणाऱ्या संदेशवाहक आरएनएवर तो बसला की त्यापासून प्रथिन बनणं कमी होतं. त्याच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. यापुढे जिथे ‘मिर-२१’ असं लिहीन, तिथे ते एका विशिष्ट मायक्रोआरएनएचं नाव समजा.

आता यकृतच का? याचं पहिलं उत्तर शरीररचनेत आहे आणि एक्झोसोमच्या उत्साहात ते विसरलं जातं. मोठ्या आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं, मग हृदयाकडे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश या एकाच शिरेतून येतं. गाठीतून सुटलेली पेशी असो की पिशवी, तिला भेटणारी पहिली मोठी चाळण यकृताची. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातलं रक्त मात्र या वाटेने न जाता थेट मुख्य शिरेत उतरतं, म्हणून तिथल्या कर्करोगात फुफ्फुसातल्या गाठी तुलनेने जास्त दिसतात. एवढं साधं रक्ताभिसरणच पसरण्याचा बराचसा नकाशा काढून देतं.

पण सगळा नाही. स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जनने १८८९ मध्ये स्तनांच्या कर्करोगाच्या ७३५ मृत रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि म्हटलं की बी सगळीकडे उडतं, उगवतं मात्र जमीन मानवली तरच. एक्झोसोमवाल्यांनी यात घातलेली भर अशी, की बी पोहोचण्याआधीच जमिनीची मशागत होते आणि ती मूळ गाठच करते. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने दाखवलं की पिशवीच्या पृष्ठभागावर कोणतं इंटेग्रिन प्रथिन आहे त्यावर ती फुफ्फुसात शिरेल की यकृतात, हे बऱ्याच अंशी ठरतं. हा पत्ता प्रथिनाचा आहे, मायक्रोआरएनएचा नाही, हे ध्यानात ठेवा. पिशवी पोहोचल्यावर आतला माल काय करतो, हा पुढचा प्रश्न.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात त्या मालाविषयी बरीच कामं झाली आहेत. मला त्यातली तीन-चारच महत्त्वाची वाटतात.

पहिलं मिर-२५-३पीचं. २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी हे प्रसिद्ध केलं आणि यातली साखळी सर्वांत स्वच्छ आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. झेडओ-१, ऑक्लुडिन, क्लॉडिन-५ ही त्या शिवणीची प्रथिनं. केएलएफ-४ नावाचं नियंत्रक प्रथिन ही शिवण टिकवतं, आणि त्याचा भाऊ केएलएफ-२ नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीला लगाम घालतो. कर्करोगाच्या पेशींकडून आलेला मिर-२५-३पी या दोघांनाही दाबतो. परिणाम दुहेरी: शिवण उसवते, आणि वाढीचा संदेश घेणारं व्हीईजीएफआर-२ वाढतं. उंदरांमध्ये रंगीत डेक्स्ट्रान शिरेत सोडून पाहिलं, तर असे एक्झोसोम दिलेल्या उंदरांच्या यकृतात आणि फुफ्फुसात तो रंग वाहिन्यांबाहेर झिरपलेला दिसला. त्यानंतर कर्करोगाच्या पेशी सोडल्या तेव्हा त्या जास्त प्रमाणात रुजल्या. माणसांकडे यायचं तर, कर्करोग पसरलेल्या रुग्णांच्या रक्तातल्या एक्झोसोममध्ये हा मायक्रोआरएनए जास्त सापडला. लक्ष्य, परिणाम, प्राणी, रुग्ण, अशा चारही पायऱ्या एकाच कामात जुळलेल्या क्वचित दिसतात.

दुसरं मिर-२१चं, आणि मला स्वतःला हे जास्त आवडतं, कारण इथे मायक्रोआरएनए त्याचं नेहमीचं काम करतच नाही. २०१२ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगात असं दिसलं होतं की एक्झोसोममधून आलेले मिर-२१ आणि मिर-२९ए रोगप्रतिकारक पेशींतल्या टोल-सदृश ग्राहकांना चिकटतात, उंदरात सातव्या क्रमांकाच्या, माणसात आठव्या. हे ग्राहक मुळात विषाणूंचा आरएनए ओळखण्यासाठी असतात. मॅक्रोफेजला, म्हणजे बाहेरचे कण गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीला, वाटतं की संसर्ग झालाय आणि ती दाह सुरू करते. २०१८ मध्ये हेच चित्र आतड्याच्या कर्करोगात आलं: पिशव्या यकृतातल्या मॅक्रोफेजपर्यंत जातात, मिर-२१ टीएलआर-७ला, म्हणजे त्याच सातव्या क्रमांकाच्या टोल-सदृश ग्राहकाला, भिडतो, आयएल-६ हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन सुटतं आणि यकृतात दाहाचं वातावरण तयार होतं. शरीरातल्या ऊतींमधल्या मॅक्रोफेजपैकी बहुसंख्य यकृतात असतात, आणि रक्तातले कण गिळणं हे त्यांचं कामच. म्हणजे पिशवीला पत्ता शोधावा लागत नाही, मॅक्रोफेज स्वतःच तिला ओढून घेते. शिवाय हे ग्राहक एंडोसोमच्या आत असतात, आणि गिळलेली पिशवी नेमकी तिथेच उतरते. या मुद्द्याकडे पुन्हा येतो.

तिसरं काम मिर-१२४६चं. गाठी रोखणाऱ्या पी५३ जनुकात बिघाड असलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी हा मायक्रोआरएनए एक्झोसोममधून सोडतात आणि शेजारच्या मॅक्रोफेज गाठीच्या बाजूने वळतात, असं अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या गटाने २०१८ मध्ये मांडलं. काम चांगलं आहे. गोम अशी की एक्झोसोममधला ‘मिर-१२४६’ मुळात मायक्रोआरएनए आहे का, यावरच नंतर शंका निघाली. आरएनयू-२-१ नावाच्या एका वेगळ्या, विपुल आरएनएचे तुकडे अगदी याच अक्षरक्रमाचे असतात, आणि एक्झोसोममधला बहुतांश माल तिथून येतो असं दुसऱ्या एका गटाने दाखवलं. पीसीआरला, म्हणजे आरएनए मोजण्याच्या नेहमीच्या तपासणीला, दोन्ही सारखेच दिसतात. शोधनिबंधात या नावाचा स्तंभ दिसला की मी जरा थबकतो, तुम्हीही थबका.

चौथं काम उलट्या दिशेचं आहे, म्हणूनच ते सुटू नये. आपण सारखं विचारतो की पिशवीतला मायक्रोआरएनए घेणाऱ्या पेशीचं काय करतो. पण तो बाहेर टाकल्यामुळे पाठवणाऱ्या पेशीचं काय होतं? मिर-१९३ए हा गाठीची वाढ रोखणारा मायक्रोआरएनए आहे. २०१७ मधल्या एका अभ्यासात दिसलं की आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी एमव्हीपी या प्रथिनाच्या मदतीने त्याला पकडून एक्झोसोममध्ये भरतात आणि घराबाहेर काढतात. एमव्हीपी काढून टाकलं की मिर-१९३ए पेशीतच साचतो आणि वाढ मंदावते. यकृतात पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात तो जास्त मिळाला, म्हणून वरवर पाहणारा त्याला ‘पसरवणारा’ म्हणेल. खरं तर तो हाकलून दिलेला पहारेकरी आहे. रक्तात जास्त सापडला म्हणजे गुन्हेगार, हा तर्क इथे पार कोसळतो.

कोणता माल भरायचा हे पेशी ठरवते याला इतरही आधार आहेत. के-रास जनुकातला बिघाड आतड्याच्या सुमारे ४० टक्के कर्करोगांत असतो. एकाच मूळ पेशीवंशातून काढलेल्या, फक्त के-रासमध्ये फरक असलेल्या पेशी व्हँडरबिल्ट विद्यापीठात शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा बिघाड असलेल्यांच्या एक्झोसोममध्ये मिर-१०० आणि निरोगी के-रासवाल्यांच्या एक्झोसोममध्ये मिर-१०बी जास्त निघाला. पेशींच्या आतलं प्रमाण या फरकाशी जुळत नव्हतं. म्हणजे सांडलं ते गेलं असा प्रकार नाही, निवड होते.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की प्रकरण मिटलं. मिटत नाही, कारण साधा हिशेब आडवा येतो.

२०१४ मध्ये सिएटलमधल्या संशोधकांनी एक्झोसोम मोजले, त्यातल्या मायक्रोआरएनएच्या प्रतीही मोजल्या आणि भागाकार केला. विपुल समजल्या जाणाऱ्या मायक्रोआरएनएचीसुद्धा एक प्रत सापडायला सरासरी शंभराहून जास्त एक्झोसोम तपासावे लागतील, असं उत्तर आलं. दुसरीकडे, एखादा मायक्रोआरएनए लक्ष्यावर डोळ्यात भरेल असा परिणाम करण्यासाठी पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती लागतात. गुणाकार तुम्हीच करा. एका अस्तर-पेशीने किती हजार पिशव्या गिळायच्या, आणि त्यातल्या किती एंडोसोममधून निसटून पेशीद्रवात जायच्या? बऱ्याचशा तर पचनाच्या कप्प्यातच संपतात. यावर उत्तरं आहेत: काही मोजक्या पिशव्यांत माल ठासून भरलेला असू शकतो, किंवा गाठीच्या अगदी लगत मात्रा फार मोठी असू शकते. शक्य आहे. पण मिर-२१ आणि टोल ग्राहकांची वाट मला जास्त विश्वासार्ह वाटते ती याच कारणाने. तिथे पेशीद्रवात निसटण्याची अट नाही आणि हजारो लक्ष्य-प्रती दाबण्याचीही नाही. संसर्गाची घंटा वाजवायला थोडा आरएनए पुरतो.

आता उंदरांचं. ठरलेली पद्धत अशी: पेशींच्या माध्यमातून काढलेले ५ ते १० मायक्रोग्रॅम एक्झोसोम दर दुसऱ्या दिवशी, दोन-तीन आठवडे, शिरेतून. हे अब्जावधी कण झाले, आणि उंदराच्या शरीरातली गाठ स्वतः किती सोडते याच्याशी या आकड्याचा संबंध बहुतेक वेळा तपासलेला नसतो. शिवाय शिरेत सोडलेल्या कुठल्याही पेशीचे एक्झोसोम मुख्यतः यकृतात आणि प्लीहेत जातात, काही मिनिटांत. निरोगी पेशींचेही. ‘आमचे एक्झोसोम यकृतात गेले’ हा चमकणारा फोटो त्यामुळे फारसं काही सिद्ध करत नाही. शेजारी साध्या आतड्याच्या पेशींचे तेवढेच एक्झोसोम दिलेला उंदीर हवा, आणि तोच पुष्कळदा नसतो.

माझा खरा जीव अडकतो तो रक्ताच्या नळीत. रुग्णाच्या रक्तातल्या मायक्रोआरएनएचा मोठा हिस्सा एक्झोसोममध्ये नसतोच, तो आर्गोनॉट-२ या मायक्रोआरएनए धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला चिकटून मोकळा फिरतो. हे २०११ पासून माहीत आहे. बाजारातलं अवक्षेपणाचं किट नमुन्यात ओतलं की एक्झोसोमसोबत मेदप्रथिनं आणि ही आर्गोनॉटची भानगडही तळाशी बसते, आणि अहवालावर मात्र ‘एक्झोसोमल’ असं छापून येतं. खरंच पिशवीच्या आत काय आहे हे बघायचं तर आधी प्रोटिनेज-के देऊन बाहेरचं प्रथिन तोडावं लागतं, मग आरनेज देऊन उघडा पडलेला आरएनए संपवावा लागतो. जे उरेल ते आतलं. हा टप्पा किती निबंधांत आहे ते मोजून बघा, प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच तयार होईल.

त्याहून किरकोळ वाटणारी, पण जास्त घात करणारी गोष्ट म्हणजे लाल पेशी फुटणं. बारीक सुई, घाईने ओढलेलं सिरिंज, वॉर्डात दोन-तीन तास पडून राहिलेली नळी. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्ताचा द्रव, पिवळसर हवा, तो हलका गुलाबी येतो. नुसत्या डोळ्यांना गुलाबी दिसण्याआधीच मायक्रोआरएनएचे आकडे बिघडलेले असतात. लाल पेशींत मिर-४५१ए, मिर-१६, मिर-४८६ आणि मिर-९२ए ठासून असतात. यातला मिर-९२ए २००९ पासून आतड्याच्या कर्करोगाचा रक्तातला निदर्शक म्हणून मांडला जातोय. गाठीतल्या फायब्रोब्लास्ट या आधार देणाऱ्या पेशींकडून एक्झोसोममधून येऊन केमोला दाद न देण्याची ताकद देणारा म्हणूनही २०१९ मध्ये मिर-९२ए-३पीचंच नाव पुढे आलं. ते प्रयोगशाळेतलं काम खरं असेलही, पण रक्तात तो वाढलेला दिसला तर मी आधी नळीवर संशय घेतो. आमच्याकडे मिर-४५१ए आणि मिर-२३ए यांच्या पीसीआर आकड्यांतला फरक पाहतात. तो ७ च्या पुढे गेला की नमुना बाद. एक्झोसोम शोधनिबंधांत ही ओळ शोधा. प्लाझ्माऐवजी सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरलेला द्रव, वापरलं असेल तर आणखी एक घोळ, कारण रक्त गोठताना प्लेटलेट आपला माल ओतून मोकळ्या होतात, आणि मिर-२२३ त्यांच्यात भरपूर असतो.

२०१४ मधला एक नेहमी उद्धृत होणारा जपानी अभ्यास या नजरेने वाचा. ८८ रुग्ण, तुलनेसाठी ११ निरोगी माणसं, आणि सात मायक्रोआरएनएची यादी: लेट-७ए, मिर-१२२९, १२४६, १५०, २१, २२३, २३ए. गाठ काढल्यावर पातळी उतरली, ही त्यातली जमेची बाजू. पण मिर-२२३ प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींचा, मिर-१५० लिम्फोसाइटचा, मिर-२१ जिथे दाह तिथे हजर, आणि १२४६ची कथा वर सांगितलीच. तुलनेला अकरा निरोगी माणसांऐवजी आतड्याला सूज असलेले, पॉलिप असलेले, रक्तक्षय असलेले शंभर लोक घेतले, तर ही यादी किती टिकेल? डॉक्टरला रोज पडणारा प्रश्न ‘कर्करोग की ठणठणीत’ असा नसतोच.

आपल्याकडच्या रुग्णांबद्दल एक गोष्ट, कारण प्रबंध महाराष्ट्रातच होणार आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या रुग्णांच्या आढाव्यात सरासरी वय पन्नाशीच्या आत आहे, गुदाशयाचे कर्करोग बरेच आहेत, आणि पाश्चात्त्य देशांत एक टक्क्याच्या आसपास आढळणारा सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशींचा) प्रकार आपल्याकडे कितीतरी जास्त दिसतो. हा प्रकार यकृतापेक्षा पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर पसरण्याकडे झुकतो. एक्झोसोमचा जवळपास सगळा अभ्यास मात्र यकृतावर आणि एचसीटी-११६, एसडब्ल्यू-४८० अशा दशकानुदशकं वाढवलेल्या पेशीवंशांवर झालाय. पेरिटोनियमवर पसरताना पिशव्या पोर्टल शिरेतून जात नाहीत, पोटातल्या द्रवातून जातात. जलोदराचं पाणी रुग्णाच्या आरामासाठी एरवीही काढलं जातं. लाल पेशींचा गोंधळ तिथे पूर्ण टळत नाही, पण मूळ गाठीच्या किती जवळ जाता येतं बघा. नैतिक समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती घेऊन त्यातले एक्झोसोम तपासणं, हे मला आणखी एका सीरम-पॅनेलपेक्षा शंभरपट मोलाचं वाटतं.

उपचाराबद्दल विचारलं नव्हतं, तरी एक वाक्य. मायक्रोआरएनए औषध म्हणून देण्याचा मोठा प्रयत्न, एमआरएक्स-३४ नावाचा मेदकणांत भरलेला मिर-३४ए, रोगप्रतिकारक यंत्रणेच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावा लागला.

आता वडिलांबद्दल. ‘एक्झोसोम पॅनेल’ करू नका, कारण तिचा निकाल काहीही आला तरी डॉक्टर त्यावरून उपचार बदलू शकत नाहीत. आकडा जास्त आला तर घरात झोप उडेल, कमी आला तर खोटा दिलासा मिळेल. रक्तातून पुढचं ओळखण्यात सध्या पुढे आहे तो गाठीतून सुटून रक्तात फिरणारा मोकळा डीएनए. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक चाचणीत दुसऱ्या स्टेजच्या ४५५ रुग्णांपैकी ज्यांची केमो या तपासणीवरून ठरवली, त्यांच्यात केमो घेणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून १५ टक्क्यांवर आलं आणि दोन वर्षांत कर्करोग परतण्याचं प्रमाण वाढलं नाही. रुग्णांची अशी विभागणी करून निर्णय बदलून पाहणारी चाचणी लागते. एक्झोसोममधल्या मायक्रोआरएनएच्या कुठल्याही पॅनेलने आतड्याच्या कर्करोगात ही परीक्षा दिलेली नाही. वडिलांसाठी नेहमीचंच करा: पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीईए ही कर्करोगाच्या निदर्शक प्रथिनाची रक्ततपासणी, ठरल्याप्रमाणे सीटी, ऑपरेशननंतर वर्षभराच्या आत कोलोनोस्कोपी.

पॅनेलवर जाणारे पैसे वाचले की त्यांचा जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट काढा आणि मिसमॅच रिपेअर प्रथिनांची, म्हणजे डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांची, तपासणी झाली होती का ते बघा. नसेल तर हॉस्पिटलमध्ये जपून ठेवलेल्या पॅराफिन ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर, ती आजही होते. चारपैकी एखादं प्रथिन नसेल तर लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक विकार, आहे का, हे बघण्यासाठी जनुकीय सल्लागाराला भेटा, कारण तेव्हा तुमची स्वतःची कोलोनोस्कोपी विशीतच सुरू करावी लागू शकते. चारही व्यवस्थित असतील, तर चाळिशी किंवा वडिलांना निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा.